परवानगी मिळणेबाबत

दहावीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते. सकाळी दूध काढायला फ्रिजपाशी गेले, तेव्हा दुधाच्या हिशेबाचा कागद बाजूला सरकवून तिथे वहीतले एक रेघी पान लावलेले मला दिसले. शाळेत शिकवतात त्या पद्धतीने माझ्या मुलाने त्यावर अर्ज लिहिला होता. कोपऱ्यात दिनांक, डावीकडे 'प्रति, माननीय आई व बाबा' आणि मधोमध पट्टीने अधोरेखित केलेला विषय : 'रेड डेड रिडेम्प्शन 2 हा गेम खेळण्यास परवानगी मिळणेबाबत'. त्याखाली सहा-सात ओळींचा मजकूर होता. मी तो वाचला नाही. पहिल्या ओळीतला 18 हा आकडा तेवढा डोळ्यांत भरला आणि गॅसवरच्या चहाकडे वळत मी म्हणाले, "नाही. अठरा लिहिलंय ना त्यावर? मग अठराव्या वर्षी खेळ." मुलगा टेबलापाशी उभा होता. त्याने वाद घातला नाही, आवाजही चढवला नाही. त्याने पान काढून घेतले, लोहचुंबक पुन्हा दुधाच्या हिशेबावर आधी होते तसे नीट लावले आणि तो आपल्या खोलीत निघून गेला.

ते नीट लावलेले लोहचुंबक मला दिवसभर दिसत राहिले.

दुपारी रद्दीचा गठ्ठा बांधताना दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकांमध्ये ते पान चार घड्या घातलेले सापडले. कूलर भरून ठेवला होता, बाहेर नागपूरचे एप्रिलचे ऊन पांढरे पडले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मी खाली फरशीवर बसून तो अर्ज वाचला. या गेमवर अठरा वर्षांची खूण आहे, अर्जदाराला ऑगस्टमध्ये सोळावे पूर्ण होईल, डिस्क मित्राकडे आहे आणि तो ती सुट्टीभर द्यायला तयार आहे, असे सगळे त्याने काही न झाकता मांडले होते. शेवटचे वाक्य असे होते : 'हा गेम मला मित्राच्या घरी जाऊनही खेळता आला असता, परंतु मला तो विचारून खेळायचा आहे.' आणि उजवीकडे खाली, वळणदार अक्षरात, 'आपला आज्ञाधारक'. विचारणाऱ्याला आपण काय दिले, या विचाराने माझा हात गठ्ठ्याच्या सुतळीवरच थांबला. न विचारता खेळणाऱ्या मुलाला जे मिळाले असते त्याहूनही कमीच मी त्याला दिले होते, कारण त्याला निदान गेम तरी मिळाला असता.

माझा धाकटा भाऊ कधीच विचारत नसे. 1994 च्या सुमारास, तो अकरा वर्षांचा असताना, बर्डीवरच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचे पार्लर होते. दाराला मळकट निळा पडदा होता आणि आत दिवसाही अंधार असे. त्या पडद्याखालून येणारा शिट्ट्यांचा, मुठींचा आणि कुणीतरी किंचाळल्याचा आवाज मला आजही ओळखता येईल. भाऊ शिकवणीच्या वाटेवर तिथे थांबायचा. पैसे बाबांच्या खुंटीवर टांगलेल्या शर्टाच्या खिशातून यायचे. त्याला मॉर्टल कॉम्बॅटचे वेड होते, ज्यात हरलेल्या माणसाचे काळीज उपटून काढता येत असे, आणि रात्री गच्चीवर अंथरुणे टाकल्यावर तो ते मला कुजबुजत, हातवारे करून सांगायचा. मला किळस यायची आणि तरी पुढचे ऐकावेसेही वाटायचे. एके संध्याकाळी बाबांनी त्याला त्या पडद्यातून बाहेर पडताना पाहिले. घरी आल्यावर पट्टा निघाला. आत काय होते, तुला त्यात काय आवडते, हे कुणी त्याला विचारले नाही. पैसे कुठून आले, एवढेच विचारले गेले. त्यानंतर भावाने पार्लरमध्ये जाणे सोडले की नाही हे मला ठाऊक नाही, परंतु गच्चीवरचे बोलणे मात्र त्याने सोडले. आज तो पुण्यात असतो. चार वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली, तेव्हा ती गोष्ट आम्हाला पाच महिन्यांनी, त्याला दुसरी नोकरी लागल्यावर समजली. बाबा त्या दिवशी फोन ठेवून बराच वेळ हातातल्या फोनकडे पाहत बसले होते.

अर्ज वाचला त्या रात्री मी इंटरनेटवर या वयाच्या आकड्यांबद्दल वाचत बसले. भाऊ निळ्या पडद्याआड जो खेळ खेळत होता, नेमक्या त्याच खेळावरून 1993 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली होती आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गेम कंपन्यांनी वय ठरवणारे ईएसआरबी हे मंडळ स्थापन केले, हे वाचून मी थबकले. तिथे खासदार जे प्रश्न विचारत होते, ते आमच्या घरात पट्ट्याने विचारले गेले होते. युरोपात अशीच 'पेगी' नावाची पद्धत 2003 पासून आहे. मुलाला हव्या असलेल्या गेमला युरोपात 18 आणि अमेरिकेत 17 असा आकडा मिळालेला आहे, आणि आकड्यासोबत कारणेही दिलेली आहेत : रक्तपात, तीव्र हिंसा, नग्नता, लैंगिक आशय, शिवराळ भाषा, दारू आणि अमली पदार्थांचा वापर. आपल्याकडे चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे मंडळ आहे, 2024 पासून त्यांनी यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 असे तीन टप्पेही केले आहेत. गेमसाठी मात्र आपल्याकडे तसे मंडळ नाही. म्हणजे प्रतापनगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी ज्या आकड्याच्या आड उभी राहिले, तो दूरच्या कुणीतरी, त्यांच्या मुलांसाठी, विचारपूर्वक ठरवलेला होता. तो मला चुकीचा वाटला नाही. त्यामागचा विचार मी केलेला नव्हता, हे मात्र खटकले.

आणखी एक गोष्ट आठवली आणि ती जास्त लागली. 2021 मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा फोनवरचा गेम आला, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. शाळा मोबाइलवर होती, फोन दिवसभर त्याच्याच हातात असायचा. त्या गेममध्ये रक्ताचा रंग हिरवा केलेला होता आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीनच तास खेळता येईल अशी मर्यादा होती. वय विचारणारी चौकट आली, तेव्हा त्याने 'अठरा पूर्ण' हे बटण दाबले. मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. मी ते पाहिले आणि काही बोलले नाही, कारण मलाही तासभर शांतता हवी होती. तेव्हा खोटे बोलणाऱ्या मुलाला मी गेम खेळू दिला आणि आता खरे लिहिणाऱ्याला नाही म्हणाले, हा हिशेब मला कुठल्याच बाजूने जुळवता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याला घेऊन माटे चौकाकडच्या एका रसवंतीवर गेले. घरात बोलणे मला जड वाटत होते. चरकाची घुंगरे वाजत होती, ओल्या चिपाडांचा आणि लिंबाचा वास होता, बाकडे अजून तापलेले होते. "तुझा अर्ज मी काल दुपारी वाचला," मी म्हणाले, "सकाळी वाचला नव्हता." तो ग्लासातला बर्फ हलवत राहिला. मी त्याला विचारले की या गेममध्ये त्याला काय हवे आहे. मला वाटले होते की तो घोडे आणि बंदुका म्हणेल. घोड्यांविषयी तो बोललाच. त्या गेममधला घोडा थकतो, त्याला खाऊ घालावे लागते, थोपटावे लागते, आणि मेला तर तो खरोखरच मरतो. पण नंतर तो म्हणाला, "आई, त्यात माणूस वाईट असतो आणि आपल्यालाच तो व्हावं लागतं. मित्र म्हणतो, शेवटी त्याला रडू आलं. मला बघायचंय, वाईट माणसासाठी रडू कसं येतं."

मी लगेच हो म्हटले नाही. जे मला नको वाटत होते, ते एकेक करून त्याला सांगितले, आणि ते सांगताना मला संकोच वाटला, कारण नग्नता हा शब्द मी मुलासमोर यापूर्वी कधी उच्चारला नव्हता. त्याचे कान लाल झाले. शिव्या त्याला शाळेच्या बसमध्ये रोज ऐकू येतात, असे त्याने सांगितले, आणि ते मला ठाऊक होते. माणसाला जवळून, सावकाश मारण्याचे दृश्य पाहून पाहून अंगवळणी पडते, ही माझी भीती मी त्याला सांगितली. त्याने तिला हसण्यावारी नेले नाही, पण ती त्याला पटलीही नाही. मीही माझी भीती सोडली नाही, ती अजून माझ्याजवळ आहे. दोन ग्लास रस संपेपर्यंत आमचे एवढे ठरले की गेम हॉलमधल्या टीव्हीवरच चालेल, कानाला हेडफोन नसेल, अनोळखी लोकांसोबत ऑनलाइन खेळायचे नाही, आणि मला किंवा त्याला, दोघांपैकी कुणालाही एखादे दृश्य नको वाटले तर त्याने ते बोलून दाखवायचे. प्लेस्टेशनवर त्याच्या खात्याला मी घातलेली वयाची मर्यादा तशीच ठेवून एका गेमपुरती सूट देता येते, हे त्यानेच मला दाखवले. नवऱ्याने रात्री सगळे ऐकून घेतले आणि सही कुठे करायची ते विचारले. अर्जावर आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि तो पुन्हा फ्रिजवर लागला.

एक गोष्ट मी त्या वाटाघाटीत विसरले होते. हॉलमध्ये दुपारभर बाबा असतात.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहतात. ते एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात होते आणि 2004 मध्ये निवृत्त झाले. माझ्या लहानपणी 'वसुली' हा शब्द घरात जीपच्या आवाजासारखा होता. पहाटे यायचा आणि बाबांना घेऊन जायचा. हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर, पलीकडे यवतमाळपर्यंत. मार्चअखेर जवळ आली की ते आठवडा-आठवडा बाहेर असत. परतल्यावर मोरीत खूप वेळ हातपाय धूत, जेवताना बोलत नसत, आणि आई आम्हाला डोळ्यांनीच गप्प करत असे. थकबाकी, नोटीस, जप्ती, पंचनामा हे शब्द मला पाढ्यांच्या आधी माहीत होते. त्या शब्दांच्या आत काय घडते, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. भावाला पट्टा बसला, तो दिवस जीप परतल्याचा होता का, हे मी हल्ली आठवून पाहते. आठवत नाही.

गेम सुरू झाला तेव्हा पहिले काही दिवस बाबा फक्त घोडे पाहत होते. 1899 सालची अमेरिका, बर्फ, मग हिरवी कुरणे. खिडकीतला कूलर ओल्या वाळ्याचा वास सोडत होता आणि समोर पडद्यावर नदी वाहत होती. मीही शेजारी गहू निवडत बसायचे. एकदा मुलाने रस्त्यावरच्या एका वाटसरूला घोड्याखाली तुडवले आणि तो हसला. ते हसू मला लागले. मी ठरल्याप्रमाणे बोलून दाखवले. "आई, तो खेळ आहे," तो म्हणाला, पण त्याने हसणे थांबवले, आणि त्या दिवशी तो खेळावरून लवकर उठला. अशा दुपारी मला वाटे की आपण सही करायला नको होती.

मग ते दृश्य आले. नायक ज्या टोळीत आहे, तिच्यातला एक जण व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला नायकाला पाठवतो. एक हडकलेला शेतकरी आपल्या कुंपणापाशी काम करत असतो. त्याच्याकडे पैसे नसतात. मुलाच्या हातातले बटण दाबले की नायक त्याला मारतो, तो खोकतो, त्याच्या तोंडातले रक्त नायकाच्या चेहऱ्यावर उडते, आणि घरातून त्याची बायको आणि मुलगा धावत येतात. माझा हात सुपातच राहिला. बाबा खुर्चीत पुढे सरकले होते.

"काऊन मारून राहिला तू त्याला?" त्यांनी विचारले.

"मारावंच लागतं, आजोबा. त्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही."

"हो," बाबा म्हणाले. "तसंच असते."

पुढे काही दिवसांनी तो शेतकरी मेल्याचे कळते आणि नायक उरलेले पैसे मागायला पुन्हा त्याच घरी जातो. बायको आणि मुलगा घर सोडून निघण्याच्या तयारीत असतात. मुलाने मला हाक मारली, कारण त्याला ते नको वाटले होते आणि आमचे तसे ठरले होते. मी येईपर्यंत बाबाच बोलले. "वारसाकडून," ते पडद्याकडे पाहत म्हणाले. मुलाला तो शब्द समजला नाही. तेव्हा बाबांनी त्याला समजावून सांगितले की कर्जदार वारला तरी कर्ज वारत नाही, नोटीस वारसाच्या नावे निघते. आणि मग, गेम थांबवून ठेवलेल्या त्या शांततेत, हिंगणघाटकडच्या एका गावातली गोष्ट सांगितली. विहिरीवरचा पंप जप्त करायला ते गेले होते. शेतकरी घरी नव्हता. माणसे पंप ट्रॉलीत चढवत होती, तेव्हा त्याच्या बायकोने सगळ्यांना गूळ-पाणी आणून दिले. "तहान लागली होती," बाबा म्हणाले, "म्हणून प्यालो." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चाळीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात उच्चारले गेले नव्हते, आणि ते ऐकणारा पहिला माणूस हातात कंट्रोलर धरून बसलेला सोळाव्या वर्षातला मुलगा होता. मला आनंद झाला का, हे मी नीट सांगू शकणार नाही. मला भावाची आठवण आली, आणि थोडा मत्सरही वाटला.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागून गेला, पेढे वाटून झाले, आणि एका रात्री साडेअकराला मुलगा स्वयंपाकघरात आला. मी दह्याला विरजण लावत होते. "आई, नायकाला टीबी झालाय," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या शेतकऱ्याच्या खोकल्यातून. त्याला मारलं ना, तेव्हा. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं, तो आता मरणार." मी मान हलवली. तो तिथेच उभा राहिला. "आजोबा उद्या विचारतील, पुढे काय झालं म्हणून. त्यांना हे दाखवायचं का?"

माझ्या हातात विरजणाची वाटी होती. अठरा वर्षांवरील, सतरा वर्षांवरील असे सगळे आकडे मी वाचले होते. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने काय पाहावे, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेले नसते. माझ्या तोंडावर पहिला शब्द 'नाही' असाच आला होता. मी तो उच्चारला नाही. "तुला काय वाटतं?" मी विचारले. त्याने बराच विचार केला, ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटाने लांबवर ओढत नेला, आणि म्हणाला, "मी त्यांनाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने टीव्ही लावण्याआधी बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन सांगितले की पुढचा भाग चांगला नाही, त्यांना नको असेल तर तो नंतर एकटा खेळेल. बाबांनी चष्मा पुसला. "कोणाला काही होते काय?" "हो." "लाव," ते म्हणाले. डॉक्टरकडचे ते दृश्य त्यांनी सगळे पाहिले. नायक दवाखान्यातून बाहेर पडून गर्दीच्या रस्त्यावरून धडपडत चालू लागला, तेव्हा ते एकदाच खोकले, पाणी प्याले आणि पुन्हा पाहू लागले.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, कूलर बंद होता आणि उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरणे चालू होते. गेमच्या शेवटाकडे वसुलीची कामे पुन्हा येतात, पण आता नायकाला कर्ज सोडून देता येते. मी भिजलेले कपडे आत घेत होते. मुलगा खुर्चीकडे वळून म्हणाला, "आजोबा, आज एका घराचं कर्ज माफ केलं."

"बाकी किती होती?"

"आकडा नाही बघितला."

बाबांनी खिडकीकडे पाहिले. पागोळ्या अजून गळत होत्या.

"पंपवाल्याची 4,140 रुपये होती," ते म्हणाले.